मंडळ्यांची एकी सांगताना क्रिकेटचं उदाहरण कुठवर चालतं?

संघसेवक_सोलापूर

18 ते 25 जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना सप्ताह. शेवटच्या दिवशी शहरातल्या सहा मंडळ्यांचे तरुण संघ एकत्र बसणार आहेत: सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, कॅथलिक, ॲडव्हेंटिस्ट, एक तेलुगू मंडळी आणि एक पेंटेकॉस्टल. तरुणांपुढे वीस मिनिटांचं मनन आहे. विषय खेळातल्या निष्ठेचा घेतलाय: आयपीएलला कोणी मुंबईचा, कोणी चेन्नईचा, पण भारत-पाकिस्तान लागली की सगळे एका बाजूला. दुसऱ्या दिवशी टेनिस बॉलचे सामने, प्रत्येक मंडळीचा एक संघ, असा बेत आहे. उदाहरण कुठे बसतं, कुठे तुटतं आणि सामने कसे लावावेत, जाणकारांनी सांगावं. गड्ड्याच्या जत्रेमुळे होम मैदान मिळणार नाही हे धरून चाला.

पॅव्हेलियन_एंड

भारत-पाकिस्तान काढून टाका. ती एकी समोर कोणीतरी आहे म्हणून असते, मॅच संपली की ओसरते. शिवाय पलीकडेही आपलीच भावंडं आहेत. चर्च ऑफ पाकिस्तान 1 नोव्हेंबर 1970 ला स्थापन झालं आणि त्याच महिन्यात, 29 तारखेला, नागपुरात सहा चर्चेस मिळून सीएनआय झालं.

त्यापेक्षा रणजी घ्या. एका महाराष्ट्र राज्याचे तीन संघ: मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र. सोलापूर पुण्याच्या असोसिएशनकडे, म्हणून आपला मुलगा 'महाराष्ट्रा'कडून खेळतो. नागपूरचा विदर्भाकडून खेळला म्हणून तो कमी मराठी ठरत नाही. मंडळ्यांचंही पुष्कळसं असंच आहे. मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते, त्यामुळे कोणाचे पणजोबा कोणत्या चर्चचे हे अनेकदा गावावरून ठरलं. सोलापुरात अमेरिकन मराठी मिशन होतं. त्या मिशनच्या मंडळ्या आधी युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात आणि पुढे सीएनआयमध्ये आल्या. मेथडिस्ट चर्च बोलणी करूनही त्या एकीकरणात उतरलं नाही. हा इतिहास मुलांना पाच मिनिटांत सांगता येतो, आणि 'आमचंच खरं' हा ताठा त्यानेच अर्धा उतरतो.

आता सामन्यांबद्दल. प्रत्येक मंडळीचा वेगळा संघ करू नका, असं कळकळीने सांगतो. मुंबईची पंचरंगी स्पर्धा धर्मावर संघ पाडून खेळली जायची. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन, आणि 1937 पासून या चारांत न बसणाऱ्या ख्रिस्ती, ज्यू वगैरेंसाठी 'द रेस्ट'. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून त्यांचा संघ तो. डिसेंबर 1943 च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 एकट्या हजारेंच्या. धाकटे भाऊ विवेक यांच्यासोबत 300 ची भागीदारी, त्यात विवेक यांच्या 21. तरी डावाने हार. तेच हजारे मार्च 1947 मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात बडोद्याकडून खेळले. होळकर संघाविरुद्ध गुल महंमद 319, हजारे 288, चौथ्या विकेटसाठी 577, आणि बडोदा डावाने जिंकलं. पंचरंगी स्पर्धा त्याआधीच, 1946 मध्ये, बंद झाली होती. फळ्यावर 300 आणि 577 हे दोन आकडे शेजारी लिहा आणि खाली प्रत्येक वेळचा संघ लिहा. मुलं लक्षात ठेवतील.

वचन बायबलमधलं, पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं, 1 करिंथ 1:12 चं. 'मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा' इथे बरेच वक्ते थांबतात. चौथा गट सोडू नका: 'मी ख्रिस्ताचा'. पौल त्यालाही गटांतच मोजतो. 'आमचा पंथच नाही, आम्ही नुसते ख्रिस्ती' म्हणणाऱ्यांनाही हे वचन लागतं, आणि ते प्रेमाने सांगावं लागतं. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरायचे, म्हणून त्याच पत्रात 9:24 ला शर्यतीचं चित्र येतं. तुमच्या विषयाला दोन्ही जागा हव्यात.

तुटतं कुठे? भारताच्या संघात अकरा जण, बाकीचे बाहेर. ख्रिस्ताच्या शरीरात, म्हणजे मंडळीत, निवड समिती नाही. 1 करिंथ 12:22 प्रमाणे जे अवयव अशक्त वाटतात तेच आवश्यक.

स्कोअरबुक

वर म्हटलंय ते आखणीत असं बसतं. प्रत्येक मंडळीतून 8 जण, एकूण 48. आठ-आठचे सहा संघ. आधी प्रत्येक संघात प्रत्येक मंडळीचा एकेक जण टाका, म्हणजे सहा झाले. उरलेल्या बाराच्या चिठ्ठ्या, संघाला दोन. चिठ्ठ्या 25 तारखेला मननानंतर सगळ्यांसमोर काढा, आधी यादी करून आणू नका. यादी आली की 'सेटिंग' म्हणणारे आलेच.

संघांना चर्चची नावं नकोत, आपल्या नद्यांची द्या: भीमा, नीरा, सीना, माण, भोगावती, बोरी. सगळ्यांचं पाणी शेवटी भीमेत जातं. खर्च कमी ठेवायला टी-शर्ट छापू नका, सहा रंगांची 48 बिब (शर्टावरून घालायच्या बिनबाह्यांच्या बंड्या) भाड्याने किंवा शाळेकडून घ्या. मुलं आपापल्या तरुण संघाचा टी-शर्ट घालून येतात. बिब त्याच्यावर चढतं. खाली मंडळीचं नाव, वर संघाचा रंग. शर्ट कोणी काढत नाही. मननात दाखवायला दुसरी वस्तू शोधूच नका: एका मुलाला पुढे बोलवा आणि सगळ्यांदेखत बिब घाला.

दोन गट, प्रत्येकी तीन संघ. गटात तीन सामने, दोन पट्ट्यांवर एकाच वेळी. दर फेरीत प्रत्येक गटातला एक संघ रिकामा असतो. त्या गटाचे अंपायर आणि स्कोअरर त्यानेच द्यायचे. पाच ओव्हरचा सामना टॉस, आवराआवर धरून 50 मिनिटं. तीन फेऱ्या दीडशे मिनिटं, मग अंतिम सामना, एकूण 3 तास 20 मिनिटं. सकाळी शाळांत ध्वजवंदन असतं, म्हणून साडेनऊला सुरू करा, पाऊण-एकपर्यंत आटोपतं. 26 तारीख शनिवारी येत असेल तर ॲडव्हेंटिस्ट मुलं येणार नाहीत, त्यांचा शब्बाथ (विसाव्याचा, उपासनेचा दिवस) शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत. रविवारी आली तर बाकीच्यांची उपासना. दोन्ही वेळी दुसरी सुट्टी बघा.

हमखास बिघडतं ते कॅप्टनपाशी. तो आपल्या मंडळीच्या मुलांना वर खेळवतो, बॉलही त्यांनाच देतो. त्यामुळे नियम आधीच लिहून द्या: एकाला एकच ओव्हर, पाच ओव्हर पाच वेगवेगळ्या मंडळ्यांच्या मुलांनी टाकायच्या, सलामीची जोडी दोन मंडळ्यांची.

संघसेवक_सोलापूर

मंडळीवार संघ रद्द केले. पण एक पाळक विचारतायत, ट्रॉफी कोणत्या चर्चमध्ये राहणार? आणि 25 च्या सभेत प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) ठेवावं अशी काहींची इच्छा आहे.

दुसरी_घंटा

ट्रॉफी नकोच. जिंकलेल्या आठ जणांना मेडल द्या, ती सहा मंडळ्यांत आपोआप पोचतात.

प्रभुभोजन एकत्र ठेवू नका. कॅथलिक चर्चच्या शिस्तीत ते बसत नाही. ठेवलं तर ती मुलं बाजूला बसून राहतील, आणि ऐक्याच्या सभेत तेच सगळ्यांना दिसेल. इथे बिबचं उदाहरणही थांबतं. टीमचं प्रेम वेगळं आणि प्रभूच्या मेजाबद्दलचा विश्वास वेगळा. तो फरक अजून दुखतो हे मननात सरळ सांगा. त्याऐवजी 26 ला दुपारी एका पंगतीत ज्वारीची भाकरी, शेंगा चटणी, पुलाव.

प्रभूच्या प्रार्थनेचा कागद मात्र छापाच. कॅथलिक मुलं 'वाइटापासून सोडव' इथे थांबतात, बाकीचे 'राज्य, सामर्थ्य व गौरव' म्हणत पुढे जातात, आणि मध्येच अर्धं सभागृह गप्प होतं. शेवटची ओळ घ्यायची की नाही हे फादर आणि पाळकांनी आधी ठरवावं, सगळ्यांच्या हातात एकच मजकूर द्यावा. 1 करिंथचं वाचन एकदा मराठीत, एकदा तेलुगूत ठेवा. तेलुगू वाचनासाठी त्या मंडळीतली मुलगी आठवडाभर आधी सांगून ठेवा. ऐनवेळी उभं केलं तर ती अडखळते आणि लोकांना वाटतं, उगाच घातलंय.