'कोसला'तलं 'वगैरे' नक्की काय करतं?

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' ही कादंबरी परत वाचायला घेतलीये. 'वगैरे' म्हणजे इत्यादी हे ठीक, पण तिचा नायक पांडुरंग सांगवीकर जिथे कसली यादीच नाही तिथेही वगैरे लावतो आणि 'उदाहरणार्थ' म्हणून पुढे उदाहरण देतच नाही. ही नुसती बोलायची लकब, की अर्थही बदलतो? आणि कोसला या नावाचा याच्याशी काही संबंध आहे का?

—

लकब आहेच, पण अख्ख्या कादंबरीचा सूर तिच्यावर उभा आहे असं मला वाटतं. वगैरे मूळचा अरबी, 'आणि इतर' अशा अर्थाचा, म्हणजे नावांच्या यादीमागे येणारा. बोलताना मात्र आपण तो कुठेही टाकतो, "रागावलास वगैरे की काय?" इथे यादी कुठाय, रागावणं हा शब्द जरा जड होतोय म्हणून त्याचं वजन उतरवलंय. पांडुरंग हेच करतो, फक्त सतत. सुरुवातीलाच स्वतःचं वय सांगतो, पंचवीस, आणि त्यालाही उदाहरणार्थ लावतो! वयासारखी पक्की गोष्टसुद्धा त्याला ठामपणे आपली म्हणवत नाही. १९६३ साली नेमाड्यांनी हे छापील कादंबरीत आणलं, आणि आजही ते पान वाचताना आधी हसू येतं, मग तो किती एकटा आहे ते हळूहळू कळायला लागतं.

कोसला म्हणजे रेशमाच्या किड्याचा कोश. तो किडा स्वतःच्याच धाग्याने स्वतःभोवती विणतो, बाहेरून कोणी घालत नाही, म्हणून मला ही वगैरे-उदाहरणार्थवाली वाक्यंच तो धागा वाटतात. पण पांडुरंगची धाकटी बहीण देवीच्या रोगाने जाते तो भाग बघा, तिथे हा धागा पुरत नाही. वाक्यं तुटायला लागतात, आणि तिच्याबरोबर तिचं इवलंसं गर्भाशयही गेलं हा विचार येतो तेव्हा तर वाचवतच नाही पुढे. तिथे वजन उतरवायला कुठलाच शब्द नाहीये. आधीची शंभरेक पानं तो टिवल्याबावल्या करत बोलला नसता तर हा भाग इतका लागला नसता.

—

पटलं. रोजच्या बोलण्यातही ही मर्यादा आहेच की, "परीक्षा वगैरे झाली", "लग्न वगैरे ठरलं" आपण सहज म्हणतो, पण "आजी वगैरे गेली" असं घरातलं कोणी म्हणणार नाही.