पाळी चार महिने बंद, सोनोग्राफीत 'पीसीओडी', धावणं सुरूच. सप्लिमेंट कोणतं द्यावं?

कोच_मानकापूर
नमस्कार. ग्रुपमधली मुलगी हाफ मॅरेथॉनची तयारी करून राहिली. वय २३, वजन ५४ किलो. आठवड्याला ७० किलोमीटर धावते, शिवाय दोन दिवस जिम. चार महिन्यांपासून पाळी नाही, आधी नियमित होती. सोनोग्राफीत 'पीसीओडी' (अंडाशयात गाठी, हार्मोनचा बिघाड) आलं म्हणून भात-पोळी जवळपास सोडली. वजन त्याआधीच चार किलो उतरलं होतं. सध्या घेते ते असं: अश्वगंधा, केसांसाठी बायोटिनच्या गमी, ऑनलाइन मागवलेली एक 'हार्मोन बॅलन्स' पावडर, आणि लोहाची गोळी रोज नाश्त्यानंतर चहासोबत. हिमोग्लोबिन १०.४. यातलं काय ठेवू, काय बंद करू, नवीन काय देऊ?

आहार_धरमपेठ
दादा, नवीन द्यायचं ते जेवण. बाकीचं नंतर.

आधी हिशोब मांडा. ५४ किलोत चरबी साधारण २० टक्के धरली तर चरबीविरहित वजन ४३ किलो. रोजचं सरासरी १० किलोमीटर धावणं आणि जिम मिळून ६०० कॅलरी जातात. भात-पोळी सोडलेली मुलगी १६०० च्या वर खात नसावी. म्हणजे शरीर चालवायला उरल्या १०००, किलोमागे २३. किलोमागे ४५ लागतात, आणि बराच काळ ३० च्या खाली राहिलं की मेंदू अंडाशयाला जाणारे संदेश आवरते घेतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या प्रकाराला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची सापेक्ष कमतरता) नाव दिलं. तिची गरज ४३ गुणिले ४५ अधिक ६००, म्हणजे अडीच हजाराच्या थोडं वर.

एकदम हजार वाढवलं तर पोट फुगतं आणि पोरगी आठवडाभरात सोडून देते. पहिला आठवडा ३०० वाढवा, मग दर आठवड्याला तेवढंच. पहाटे निघण्याआधी केळं नाहीतर तीन-चार खजूर. परत आल्यावर अर्ध्या तासात खाणं: शेंगदाणे घातलेले पोहे आणि दोन अंडी. (नुसत्या तर्री-पोह्यावर भागत नाही, चण्यातलं प्रोटीन जेमतेम असतं.) दोन्ही जेवणांत भात आणि पोळी परत आणा, वरून एक मोठा चमचा तूप, तेवढ्यानंच १२० च्या आसपास वाढतात. कोशिंबिरीचा डोंगर कमी करा. त्यानं पोट भरतं, ऊर्जा मिळत नाही. प्रोटीन ८५ ग्रॅमच्या आसपास. ५० ग्रॅम सोया चंक्समध्ये २५ येतं, व्हे घेतलीच पाहिजे असं नाही. सुट्टीच्या दिवशी जेवण कापू नका. घोळ बहुतेक तिथंच होतो.

आणि तोवर किलोमीटर निम्मे. खाणं वाढवून धावणंही वाढवलं तर हिशोब जिथल्या तिथं.

लॅब_इतवारी
सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी. पुष्कळ जण संकोचानं ती गाळतात आणि हजारोंच्या तपासण्या करतात.

मग टीएसएच (थायरॉईडसाठी), प्रोलॅक्टिन, एलएच आणि एफएसएच (अंडाशयाला संदेश देणारे हार्मोन), इस्ट्राडिओल (स्त्री-हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी-व्हिटॅमिन. सोनोग्राफीत गाठीगाठींचं अंडाशय दिसलं म्हणजे पीसीओडी ठरलं असं नाही. कमी खाण्यानं पाळी बंद झालेल्या मुलींतही ते दिसतं. फरक रक्तात कळतो: एलएच आणि इस्ट्राडिओल खाली, टेस्टोस्टेरॉन नॉर्मल, चेहऱ्यावर केस नाहीत, वजन उतरलेलं, तर उपासमारीकडे बोट. 'वजन कमी करा, भात सोडा' हा पीसीओडीचा सल्ला अशा मुलीला दिला की आजार वाढतोच.

बायोटिन किमान तीन दिवस आधी बंद करा. काही मशीनवर त्यानं टीएसएच खोटं कमी आणि टी-४ खोटं जास्त दिसतं, मग थायरॉईडचे नको ते उपचार सुरू होतात. रक्त द्यायचं ते विश्रांतीच्या दिवसानंतर सकाळी. लांब धावल्यावर फेरिटिन फुगलेलं येतं.

विदर्भात आणखी एक बघायचं. हिमोग्लोबिन कमी आणि फेरिटिन बरं असेल तर लोह वाढवत बसू नका, एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणारी रक्ततपासणी) करा. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार आपल्याकडे दुर्मीळ नाहीत. सिकलसेलचा नुसता वाहक असला तरी एप्रिल-मेच्या उन्हात जोराच्या सरावात कोसळण्याचा धोका असतो, कोचला हे माहीत असायलाच हवं.

आहार_धरमपेठ
लोहाचं राहिलं होतं. फेरिटिन ३० च्या खाली निघालं तर गोळी एक दिवसाआड, साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम शुद्ध लोह. रोज घेतलं की शरीरातलं हेपसिडिन (लोहाचं शोषण अडवणारं हार्मोन) वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह कमी शोषलं जातं. व्यायामानंतर तीन ते सहा तासांनीही ते चढतं, म्हणून गोळी पहाटे किंवा धावून आल्याबरोबर, संत्र्याच्या रसासोबत. चहा, दूध, कॅल्शियम दोन तास लांब. आताची चहासोबतची गोळी बरीचशी वाया जातेय. शौच काळी होते, घाबरायचं नाही. आठ ते बारा आठवड्यांनी फेरिटिन परत.

अश्वगंधा बंद. थायरॉईड हलवते, काहींना यकृताचा त्रास होतो. पावडरही बंद. डब्यावरचा एफएसएसएआय नंबर हा परवाना आहे, आत काय आहे याची हमी नाही. मुलगी स्पर्धेत उतरते, डीएचईए या हार्मोनसारखी बंदी असलेली भेसळ निघाली तर जबाबदारी तिचीच.

जिम_प्रतापनगर
पण डॉक्टर गोळ्या देतात त्यानं पाळी येते की. आणि मायो-इनोसिटॉल (पीसीओडीसाठी घेतात ते सप्लिमेंट), क्रिएटिन?

लॅब_इतवारी
गर्भनिरोधक गोळीनं येतो तो गोळी थांबवल्याचा रक्तस्राव. कॅलेंडर भरतं, मूळ कारण तसंच राहतं आणि हाड वाचतं याचा भरवसा नाही. खाणं वाढवूनही सहा-बारा महिन्यांत पाळी आली नाही, तर त्वचेवरच्या पट्टीतून इस्ट्रोजेन आणि जोडीला प्रोजेस्टेरॉन हा पर्याय स्त्रीरोगतज्ज्ञ बघतात. इनोसिटॉल पीसीओडी खरंच सिद्ध झाल्यावर. क्रिएटिन ३ ते ५ ग्रॅम चालेल, पण त्याचा पाळीशी संबंध नाही, आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) जरा वर दिसेल, ते डॉक्टरांना आधीच सांगा.

कोच_मानकापूर
धन्यवाद. तिची नडगी एका ठिकाणी बोट ठेवलं की दुखते. रोड सोडून ट्रॅकवर पळवू का?

आहार_धरमपेठ
नाही दादा, धावणं आजच बंद. पाळी बंद आणि हाडावर एकाच बिंदूला दुखणं म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर धरूनच चालायचं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, त्यावर विसंबू नका, ऑर्थोपेडिककडून एमआरआय विचारा. जांघेत दुखत असेल तर त्याच दिवशी दाखवा, ते मांडीच्या हाडाच्या मानेचं फ्रॅक्चर असू शकतं. तोवर त्रास न होता जमलं तर पोहणं. डी-व्हिटॅमिन कमी निघालं तर ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, तेही आठ आठवडे, दुधातुपाच्या जेवणासोबत. चिठ्ठी नीट वाचायला सांगा: ती मात्रा रोजची समजून घेतली की रक्तातलं कॅल्शियम चढतं.