स्थलांतराचा अभ्यासक, तज्ज्ञ की जाणकार?

प्रश्न : कराडहून

नमस्कार मंडळी. आमच्या महाविद्यालयात स्थलांतर या विषयावर चर्चासत्र आहे. येणाऱ्या प्राध्यापकांची आणि संशोधकांची ओळख मराठीत छापायची आहे. त्यांनी पाठवलेल्या माहितीत प्रत्येकाच्या नावाखाली ‘एक्स्पर्टीज’ असा रकाना आहे. तिथे ‘तज्ज्ञता : स्थलांतर’ असं लिहिलं की वाचताना अडखळायला होतं. शिवाय कुणाचं काम ऊसतोड मजुरांवर आहे, कुणाचं धरणग्रस्तांवर, तर कुणाचं मुंबईतल्या माथाडींवर. या सगळ्यांना ‘स्थलांतर’ हा एकच शब्द पुरेल का? आणि त्यांना काय म्हणावं : तज्ज्ञ, अभ्यासक, संशोधक?

साताऱ्याहून

सर, आधी माणसाचा शब्द बघू. तज्ज्ञ म्हणजे तत् अधिक ज्ञ, ‘ते जाणणारा’. (दोन ज आहेत, छापताना ‘तज्ञ’ होऊ देऊ नका.) हा शब्द आपण सल्ला देणाऱ्याला लावतो, समितीत तज्ज्ञ असतो, न्यायालयात तज्ज्ञाची साक्ष होते. तो दुसऱ्यांनी लावायचा असतो. स्वतःच्या माहितीत ‘माझी तज्ज्ञता’ असं लिहिणं मराठीत कानाला खटकतं ते त्यामुळेच. संशोधक म्हणजे नवं काही शोधून मांडणारा. अभ्यासक मात्र वर्षानुवर्षं विषयाला धरून असतो, त्याला पदवीची अट नाही. कासेगावला राहून ज्यांनी आयुष्य वेचलं त्या समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांना आपल्याकडची माणसं सहजपणे अभ्यासक म्हणत, कारण त्यांचं लिहिणं आणि चळवळीत उतरणं वेगळं काढता येत नव्हतं. जाणकार हा आणखी निराळा. कुठल्या तालुक्यातून किती कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, येतील हे टोळ्या आणणाऱ्या ज्या मुकादमाला तोंडपाठ असतं तो जाणकार. चर्चासत्रात त्यालाही बोलवा, त्याच्याइतकी नेमकी माहिती दुसऱ्या कुणाकडे नसते.

रकान्याचं नाव ‘अभ्यासविषय’ ठेवा. फार ज्येष्ठ कुणी असतील तर त्यांच्यासाठी ‘व्यासंग’ शोभेल.

आता तुमचा खरा प्रश्न. नुसतं ‘स्थलांतर’ पुरणार नाही, कारण प्रत्येक शास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे. लोकसंख्याशास्त्राचं बघा. या विषयातलं पहिलं मोठं नाव अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेन्स्टाइन. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून दाखवलं की बहुतेक माणसं फार लांब जात नाहीत आणि जवळच्या अंतरावर पुरुषांपेक्षा बायकाच जास्त हलतात. आपली जनगणना जन्मस्थान विचारते आणि १९७१ पासून ‘याआधी कुठे राहत होता’ हेही विचारते. त्या हिशेबाने २०११ मध्ये देशात ४५ कोटींहून अधिक स्थलांतरित निघाले. त्यात सुमारे दोन तृतीयांश बायका, आणि त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठं कारण लग्न. म्हणजे कोरेगावची मुलगी वाईला नांदायला गेली की ती शास्त्राच्या भाषेत स्थलांतरित. तिच्या घरात हा शब्द कुणीही वापरणार नाही. घरचे म्हणतात, ‘तिला वाईला दिली’.

या ‘दिली’कडे लक्ष द्या. आपली माणसं हे सगळे फरक नामांनी करत नाहीत, क्रियापदांनी करतात. ‘तो मुंबईला असतो’ म्हणजे घर इथलं, पोट तिथलं. ‘तो मुंबईत राहतो’ म्हणजे तिथं बिऱ्हाड झालं, आता सणावाराला येईल. दुष्काळात माण-खटावची माणसं ‘जगायला गेली’. धरणात ‘गाव उठलं’. अभ्यासकाला पाचपानी प्रश्नावली घेऊन जे शोधावं लागतं, स्थलांतर कायमचं की तात्पुरतं, मर्जीनं की नाइलाजानं, ते त्या एका क्रियापदात आधीच सांगून झालेलं असतं. म्हणून ओळखपत्रिकेवर प्रत्येकाच्या नावाखाली यातलं कुठलं जाणं त्यांनी अभ्यासलंय ते स्पष्ट लिहा.

विट्याहून

ताईंचं ‘असतो’ अगदी पटलं. खानापूर-आटपाडीकडची घरंच्या घरं गलाईच्या धंद्यात आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची कामं, दुकानं पार केरळ-तमिळनाडूपासून उत्तरेपर्यंत. आमच्याकडे दोन माणसं भेटली की विचारणार, ‘कुठं असता?’ आणि उत्तर येणार कोइमतूर नाहीतर कोलकाता. पिढ्या गेल्या तरी ‘असता’च. वर्तमानपत्रंसुद्धा त्यांना ‘गलाई बांधव’ किंवा ‘गलाई व्यावसायिक’ म्हणतात, स्थलांतरित मजूर म्हणत नाहीत. यावर कुणी अभ्यासक येणार असतील तर त्यांच्या नावाखाली ‘व्यापारी स्थलांतर’ असं मोघम नको, ‘गलाई व्यवसाय’ असंच लिहा सर. आमच्या भागात लगेच कळेल.

पाटणहून

मला एका गोष्टीवर ठामपणे बोलायचंय. धरणग्रस्तांचा अभ्यास ‘स्थलांतर’ या मथळ्याखाली घालू नका. स्थलांतर करणाऱ्याला निदान जाण्याचा निर्णय तरी घेता येतो. कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावं गेली त्यांनी निर्णय घेतला नव्हता. कोयना धरणाचा शिवसागर जलाशय भरला साठच्या दशकात आणि राज्याचा पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. या मधल्या काळात माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी विखुरली आणि पुनर्वसनाच्या मागण्या अजून चालूच आहेत. याला विस्थापन म्हणतात. पुनर्वसन हा त्यानंतरचा शब्द, तो झाला तरच वापरायचा. सरकारी कागदात ‘पुनर्वसित गावठाण’ लिहिलेलं असतं आणि तिथं प्यायला पाणी नसतं, असं होऊ शकतं.

‘ग्रस्त’ हा प्रत्यय आमच्या तालुक्यानं फार सोसलाय. धरणग्रस्त झालो, १९६७ च्या डिसेंबरात भूकंपग्रस्त झालो, चांदोलीकडचे तर अभयारण्यग्रस्त. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांच्या लढ्यात ‘धरणग्रस्त’ हा शब्द हक्काचा झाला. त्यामुळे तो शब्द बदलून ‘बाधित’ वगैरे मऊ करू नका.

माथाडींचं मात्र स्थलांतरात बसतं. अण्णासाहेब पाटील आमच्या मंद्रुळकोळ्याचे. मुंबईच्या गोदीत आणि बाजारात माथ्यावर ओझी वाहणाऱ्यांसाठी १९६९ चा कायदा झाला तो त्यांच्या लढ्यामुळे. माथ्यावरून माथाडी. हा शब्द जसाच्या तसा ठेवा, ‘भारवाहक’ करू नका.

सांगलीहून

एक अडचण लक्षात आणून देतो. आमच्याकडे फलकावर नुसतं ‘स्थलांतर’ दिसलं की लोकांना कृष्णेचा पूर आठवेल. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर धोका, आणि मग ‘सखल भागातील नागरिकांनी स्थलांतर करावे’ अशी सूचना फिरते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं, तेव्हा हा शब्द दिवसभर कानावर पडत होता. इथं त्याचा अर्थ पाणी उतरेपर्यंत दुसरीकडे जाणं. त्यामुळे चर्चासत्राच्या नावात ‘श्रमिकांचे स्थलांतर’ असा खुलासा हवा.

आणि एक शंका. ‘स्थलांतरित’ हे रूप कर्मणी वाटतं, जणू दुसऱ्या कुणी हलवलंय. स्वतः गेलेल्याला ‘स्थलांतरी’ म्हणावं का?

साताऱ्याहून

गरज नाही. ‘तृषित’, ‘क्षुधित’, ‘पुष्पित’ हे शब्द बघा. झाडाला दुसऱ्या कुणी फुलं लावत नाही, तरी ते पुष्पित. नामाला ‘इत’ लागून ‘ते ज्याला आहे किंवा झालं आहे तो’ असा अर्थ होतो. तेव्हा स्थलांतरित चालेल. पाटणच्या दादांनी सांगितलेला फरक त्या प्रत्ययात शोधायचा नाही, त्यासाठी विस्थापित हा शब्द आहेच.

ऊसतोडीबद्दल राहिलंच होतं. ‘हंगामी’ हा इथे पारिभाषिक शब्द आहे, जपून वापरा. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये अशांना ‘अल्पकालीन स्थलांतरित’ म्हटलं आणि तो कोण ते ठरवलं : कामासाठी महिनाभर किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असलेला. दसरा-दिवाळीला उचल (आगाऊ रक्कम) घेऊन बीडहून वाळव्यात आलेली टोळी कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, परत जाते. हंगाम लांबला की तीच माणसं व्याख्येच्या कडेवर येतात. कायद्याचंही तसंच. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा आंतरराज्य होता. कर्नाटकातल्या विजापूरकडून कंत्राटदारामार्फत आलेला मजूर त्यात बसे, बीडचा किंवा जतचा बसत नसे. जान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी खानदेशातून बारडोलीच्या कारखान्यांना जाणाऱ्या तोडकऱ्यांचा अभ्यास केला, आणि या सतत फिरणाऱ्या श्रमाला स्थलांतराच्या नेहमीच्या चौकटीत बसवता येत नाही हे दाखवलं. मराठीत त्याला ‘चक्रीय स्थलांतर’ म्हणतात. मला ‘ये-जा’ जास्त आवडतं.

इतिहासाचे कुणी असतील तर त्यांना जुने शब्द विचारा. मिरासदाराला गावात वतनी हक्क, बाहेरून येऊन कसणारा तो ‘उपरी’. जुलमानं किंवा दुष्काळानं रयत ‘परागंदा’ व्हायची, आणि दिवा लावायलाही माणूस उरला नाही ते गाव ‘बेचिराग’. पेशवाईतल्या कागदांचा अभ्यास करणाऱ्याच्या नावाखाली हे शब्द हवेत.

कराडहून

सर्वांचे मनापासून आभार. रकाना ‘अभ्यासविषय’ ठरला, विस्थापनाचं सत्र वेगळं केलं. एकच ओळ अडली आहे. एक संशोधिका मुंबईला गेलेल्यांच्या गावाकडच्या बायकांवर बोलणार आहेत. इंग्रजीवरून ‘मागे राहिलेल्या स्त्रिया’ असं झालंय.

साताऱ्याहून

‘मागे राहिलेल्या’ काढून टाका. हेमलता दांडेकर यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचा १९४२ ते १९८२ असा चाळीस वर्षांचा पट मांडला. पुरुष मुंबईला आणि बायका घरी, अशी ती मांडणी आहे. त्या घरी असलेल्या बाईनं पेरणी, खुरपणी, जनावरं, सासू-सासरे आणि सोसायटीचं कर्ज सगळं ओढलं. मागे राहणं म्हणजे गाडी चुकणं किंवा शाळेत मागं पडणं. तिच्याबद्दल गावात कुणीही असं बोलत नाही. ‘मालक मुंबईला असतात, शेती तीच बघते’ असं म्हणतात. तेव्हा लिहा : ‘अभ्यासविषय : पुरुष मुंबईला असलेल्या घरांतील शेती पाहणाऱ्या स्त्रिया’. ओळ लांब झाली तर अक्षर लहान करा, शब्द कमी करू नका.