मदत हवी आहे: सहावी ते आठवीच्या मुलांसाठी आत्महत्या प्रतिबंधाचे तास कसे घ्यावेत?

मी सहावी ते आठवीला शिकवते. पुढच्या सत्रापासून शाळेत आत्महत्या प्रतिबंधाचं काम सुरू करायचं ठरलंय आणि आखणी माझ्याकडे आली आहे. पूर्णवेळ समुपदेशक नाही. एक बाई बुधवारी येतात, त्यांच्या दाराशी आधीच रांग असते.

व्यवस्थापनाला एक व्याख्यान हवंय. सगळी मुलं सभागृहात, पाहुणे, आभारप्रदर्शन. मला ते नकोय. ज्याला खरोखर त्रास होतोय ते पोर एवढ्या गर्दीत तोंड उघडणार नाही, आणि पाहुणे गेल्यावर त्याने कुणाकडे जायचं?

काही पालकांचं म्हणणं, ‘नसतं डोक्यात भरवू नका.’ त्यांना द्यायला उत्तर आहे. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारल्याने मुलांचा त्रास वाढला नाही. आधीपासून नैराश्य असलेल्यांना तर विचारल्यावर किंचित हलकंच वाटलेलं दिसलं.

अडचण पुढची आहे. युरोपातल्या दहा देशांत, १६८ शाळांत, अकरा हजारांवर मुलांना घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. काही शाळांत शिक्षकांना धोक्याच्या खुणा ओळखायला शिकवलं, काही ठिकाणी प्रश्नावली भरून घेऊन मुलांना तज्ज्ञांकडे पाठवलं, आणि काही ठिकाणी ‘याम’ नावाचा कार्यक्रम थेट मुलांबरोबर केला. त्यात तीन तास नुसते प्रसंग करून दाखवणं आणि त्यावर बोलणं. वर्षभराने ‘याम’च्या गटात आत्महत्येच्या नव्या प्रयत्नांचं प्रमाण ०.७० टक्के होतं, तर तुलनेच्या गटात १.५१ टक्के. बाकी दोन उपायांत लक्षणीय फरक दिसला नाही. पण ती मुलं साधारण पंधरा वर्षांची. माझी अकरा ते तेरा.

या वयात मुलं पहिल्यांदा सांगतात ती मैत्रिणीला, आणि तेही शपथ घालून. ऐकणारी मग ते ओझं एकटीच वाहते, कारण मोठ्यांना सांगितलं तर चुगलखोर ठरणार. ही गाठ वर्गात कशी सोडवायची? प्रसंग करून घेतले तर सहावीतली मुलं खिदळत सुटतील अशी भीती वाटते. ज्यांनी प्रत्यक्ष असे तास घेतलेत त्यांनी कृपया लिहावं.

प्रतिसाद १
मी शाळेत समुपदेशन करते. खिदळू द्या, पाचेक मिनिटांत थांबतात. अवघडल्यामुळे हसतात ती. फक्त त्रासात असलेल्या मुलाची भूमिका कुणालाच देऊ नका, ती तुम्ही वाचून दाखवा. मुलांनी ऐकणाऱ्याचीच बाजू करायची.

‘सांगा हं मोठ्यांना’ म्हणून काही होत नाही. तोंडात वाक्य बसवावं लागतं. ‘मला तुझी काळजी वाटते, हे मी एकटी नाही सांभाळू शकत, चल आपण दोघी बाईंकडे जाऊ.’ दोघी गेल्या की चुगलीचा प्रश्नच उरत नाही. मैत्रीण यायला तयार नसेल तर एकटीने जायचं, हेही त्याच तासाला सांगा. ‘साइन्स ऑफ सुइसाइड’ म्हणून एक कार्यक्रम आहे, त्याचा गाभाही हाच: मान्य करा, काळजी दाखवा, मोठ्यांना सांगा. त्याची तुमच्या वयोगटासाठी वेगळी आवृत्ती आहे.

प्रत्येकाकडून दोन मोठ्या माणसांची नावं लिहून घ्या, त्यातलं एक घराबाहेरचं. पहिल्याने ‘वेडेपणा करू नकोस’ म्हणून उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जायचं. असं उडवून लावलं जातं, हे मुलांपासून लपवू नका.

प्रतिसाद २
तास घेण्याआधी मोठ्यांची तयारी पूर्ण हवी. मूल बोललं की त्याला एकटं सोडायचं नाही, जबाबदार माणसाच्या हाती देईपर्यंत सोबत थांबायचं. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन शिक्षकाने देऊ नये.

आणि ‘मी असं काही करणार नाही’ असं कागदावर लिहून सही घेणारे महाभाग अजून आहेत. त्याने मूल सुरक्षित होत नाही, शाळेला तेवढं निर्धास्त वाटतं. त्याऐवजी समुपदेशक बाईंनी मुलाबरोबर बसून सुरक्षेची योजना लिहावी: मन बिघडायला लागल्याच्या खुणा कोणत्या, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाजवळ जाऊन बसायचं, कुणाला फोन करायचा. घरातल्या धोकादायक वस्तू मुलाच्या हाती लागणार नाहीत हे पालकांनी बघायचं.

मूळ लेखिका
दोघांचे मनापासून आभार. वाक्याचा सराव आणि दोन नावं नक्की करते. मूल म्हणालं की त्रास घरातूनच होतोय, तर पालकांना कळवायचं कसं?

प्रतिसाद १
तिथे पालकांना आधी फोन नको. आधी मुख्याध्यापक आणि समुपदेशक, गरज पडल्यास बालसंरक्षण यंत्रणा. घरात विश्वासाचं दुसरं कुणी आहे का, हे मुलालाच विचारा. आणि हे तास सुट्टीच्या आदल्या दिवशी ठेवू नका. मुलं तासात बोलत नाहीत, नंतर दाराशी घुटमळतात. तुमच्या बाई येतात त्याच दिवशी, बुधवारी सकाळी घ्या, आणि त्या दिवशी त्यांच्या वेळेत दुसरं काही लावू नका.