हिवाळ्याच्या सुट्ट्या आणि चाकांवरचं घर : तुमचे अनुभव लिहा

घर विकून मोटरहोममध्ये राहायला आलो, त्याला हा चौथा हिवाळा. मी आणि हे, दोघंच. उन्हाळ्यातल्या भटकंतीवर सगळेच भरभरून लिहितात. पण हिवाळ्याच्या सुट्ट्यांचे ते दहा-पंधरा दिवस, जेव्हा जो तो आपापल्या घरी परततो आणि आपलं घर मात्र कुठल्यातरी मोकळ्या तळावर उभं असतं, त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा काढतेय.

माझ्यापासूनच सुरुवात करते. पहिलाच हिवाळा होता. सकाळी नऊला लेकीशी व्हिडिओ कॉल ठरला होता, सगळी नातवंडं एकत्र जमणार होती. इंधन वाचेल म्हणून आदल्या रात्री आम्ही हीटर बंद करून दोन-दोन पांघरुणं घेऊन झोपलो. पहाटे उठले तर नळाला थेंब नाही. काटा बघितला, टाकी रिकामी. आदल्या दिवशी १०० लिटर भरलं होतं! गाडीखाली पाहिलं तर बर्फाचा जाड थर. नंतर कळलं की बॉयलरला एक सुरक्षा झडप असते. गाडीच्या आत पारा ३ अंशांच्या आसपास उतरला की ती आपोआप उघडते आणि बॉयलर रिकामा करते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, बॉयलर फुटू नये म्हणून ही सोय. आमचा पंप रात्रभर चालूच होता, त्यामुळे बॉयलरपाठोपाठ टाकीही वाहून गेली. झडपेनं तिचं काम चोख केलं, आम्हालाच तिची ओळख नव्हती.

नऊला फोन वाजला तेव्हा मी टॉर्च धरून गाडीखाली होते. उचलला नाही. दुपारी केला, तोवर मुलं पांगली होती. पाणी संध्याकाळपर्यंत परत भरून झालं. त्या वर्षीची ती भेट मात्र गेली ती गेलीच, आणि ते मला अजून लागतं.

तेव्हा पाणी, गॅस, बॅटरी यांचं लिहाच, पण त्या दिवसांत मन कसं राहिलं तेही लिहा.

*

ताई, तुमचं पाण्याचं तसं आमचं गॅसचं झालं. पारा उणे ४. रात्री तीनला हीटरचा लाल दिवा लागला आणि पंखा नुसताच गार हवा फेकायला लागला. सिलिंडर हलवून पाहिला, निम्म्याहून जास्त भरलेला. रेग्युलेटर काढून परत बसवला, तरी तेच.

सिलिंडर उबदार भागातून भरून आणला होता आणि त्यात ब्युटेन होता. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली द्रवच राहतो, त्याचा वायू होत नाही. म्हणजे सिलिंडर भरलेला आणि हीटर उपाशी. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देत राहतो. तेव्हापासून थंडीचे चार महिने निव्वळ प्रोपेन, आणि सिलिंडर बदलायची वेळ रात्री येऊ नये म्हणून संध्याकाळी पाचला वजन करून बघतो.

त्या रात्री गॅसच्या खणात ऊब आणून शेगडी पेटेल, तिच्यावरच गाडी तापवू असा विचार माझ्या मनात आला होता. बायकोने हात धरला. बंद गाडीत शेगडीवर ऊब घेणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला घरात बोलावणं. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. आम्ही बाहेर जायचे कपडे, टोप्या, मोजे सगळं घालून एकमेकांना चिकटून सकाळ काढली. लग्नाला ३८ वर्षं झाली, त्या रात्रीइतक्या गप्पा बऱ्याच वर्षांत झाल्या नव्हत्या. आणि मोनॉक्साइडचा अलार्म लावला असेल तरी त्याच्यावर छापलेली मुदत जरूर बघा. आमचा वर्षभरापूर्वी संपला होता, हे मला त्या सकाळी कळलं.

*

शेगडीचा आणखी एक उपद्रव म्हणजे ओल. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. हीटरचं ते पाणी धुराड्यातून बाहेर जातं, शेगडीचं गाडीतच राहतं. वर दोन माणसांचा रात्रभराचा श्वास, ओले टॉवेल, ओले बूट. पहिल्या वर्षी आम्ही थंडीला घाबरून छताची खिडकी चिकटपट्टीने बंद केली. तीन आठवड्यांनी चादर बदलायला गादी उचलली तर खालची बाजू काळीभोर. बुरशी. यांचा खोकला का जात नव्हता तेही तेव्हाच उमगलं.

गादी टाकून द्यावी लागली. नव्या गादीखाली लाकडी पट्ट्या बसवल्या, हवा खेळते. रोज सकाळी दहा मिनिटं दार आणि छताची खिडकी सताड उघडी, बाहेर कितीही गारठा असो. समोरची काच आतून पुसून घेतो, एका वेळी अर्धा पेला पाणी निघतं. थंडी परवडते, ओल परवडत नाही.

*

माझा अनुभव थोडा वेगळा आहे.

गाडी हे चालवायचे. मी नकाशा बघायची. पाच वर्षं तशीच गेली. मागच्या वसंतात हे गेले. मुलं म्हणाली, विकून टाक, आमच्याकडे ये. मी म्हटलं, एक हिवाळा बघते. सात मीटर लांबीची गाडी मागे घ्यायला मी ६४ व्या वर्षी शिकले, एका रिकाम्या मैदानात, दोन बादल्या ठेवून.

सुट्ट्यांत माणसांच्या घोळक्यात राहायला नको वाटलं म्हणून मुद्दाम एकाकी जागा निवडली. तळ्याकाठी, आसपास कुणी नाही. पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला आणि ‘हॅलो’ म्हणताना माझा आवाजच फुटेना. दोन दिवसांत एक शब्दही बोलले नव्हते मी. घसा नुसता कोरडा. तो घाबरला. मीही.

त्याच दुपारी गाडी काढली आणि बारमाही सुरू असलेल्या तळावर गेले. संध्याकाळी दारावर टकटक. शेजारच्या गाडीतलं जोडपं, पाइपाची जोडणी घट्ट बसत नव्हती, त्यांना पाना हवा होता. यांच्या हत्यारांचा खण उघडला. प्रत्येक गोष्टीवर यांच्या अक्षरातली चिठ्ठी. ‘पाण्याची जोडणी, मोठी.’ ‘पाण्याची जोडणी, लहान.’ मी त्यांना पाना दिला आणि त्या दोघांसमोर रडले. ते थांबले. नंतर रोज सकाळी त्यातल्या बाई काचेवर बोट वाजवून जायच्या, काही काम नसलं तरी.

यांचे हातमोजे अजून ड्रायव्हरच्या दाराच्या कप्प्यात असतात. उजव्या अंगठ्याची शिवण झिजलीय, गॅसची किल्ली फिरवून फिरवून. आता ते मी घालते, मला मोठे होतात.

एकट्याने राहणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की सुट्ट्यांच्या दिवसांत निर्जन जागी जाऊ नका. बाकीचं वर्ष खुशाल जा.

*

ताई, वाचून गलबललो. या वर्षी तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते कळवा.

माझं थोडक्यात. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज करू नये. पेशींच्या आत धातूचा थर चढतो आणि क्षमता कायमची जाते. वापरायला हरकत नाही, भरायला आहे. चांगल्या बॅटरीत याला अटकाव असतो, म्हणजे लख्ख ऊन पडूनही सोलरचा आकडा शून्य दिसतो आणि आपण उगाच वायरी तपासत बसतो. मी बॅटरी बाहेरच्या खणातून उचलून बाकाखाली, हीटरच्या नळीजवळ आणली. त्यात उत्तर गोलार्धात सगळ्यांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला, ऐन सुट्ट्यांच्या तोंडावर. सूर्य खाली, पॅनेल छतावर आडवं. आठवड्यातून एक रात्र विजेच्या जोडणीवर काढायची, असं ठरवूनच टाका.

*

औषधांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. यांना इन्सुलिन लागतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणून उन्हाळाभर मी फ्रिजची काळजी करत होते. हिवाळ्यात वाटलं, आता काय, गाडीच गार आहे. पेन पलंगाच्या डोक्याशी असलेल्या कपाटात ठेवले. ते कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे. आत माणसं १८ अंशांत आणि कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात बर्फ. सकाळी पेन हातात घेतला तर दगडासारखा.

गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला कधीकधी अगदी नेहमीसारखं दिसतं, पण त्याचा भरवसा नसतो, ते फेकूनच द्यायचं. तीन पेन गेले. सुट्टीमुळे जवळची औषधांची दुकानं बंद. माझ्या पर्समध्ये एक पेन होता म्हणून त्या दिवशीचं निभावलं. दुसऱ्या दिवशी ९० किलोमीटर गाडी हाकून एक उघडं दुकान सापडलं. तिथल्या मुलीने आमची जुनी चिठ्ठी बघितली, डॉक्टरांना फोन लावला, यांना बसायला खुर्ची दिली. ती मुलगी मी विसरणार नाही.

आता चिठ्ठ्यांचे फोटो फोनमध्ये आहेत, सुट्ट्यांआधी महिन्याभराचा साठा करतो, आणि कपाटात कमीत कमी तापमान लक्षात ठेवणारा थर्मामीटर आहे. ‘आत्ता किती’ याचा उपयोग नाही, ‘रात्री कितीपर्यंत उतरलं’ हे कळायला हवं.

*

आमच्याकडे उलटं झालं, मुलंच आली. मुलगा, सून आणि दोन नातवंडं, सहा दिवस. गाडी सहा जण झोपतील अशी, पण पट्टे असलेल्या सीट चारच. झोपायच्या जागा आणि प्रवासाच्या जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे घेताना विचारून घ्या. त्यामुळे गाडी सहाही दिवस एकाच जागी. मला वाटलं मुलं कंटाळतील.

संडासाची कॅसेट, म्हणजे खालची काढता येणारी मैल्याची टाकी, १८ लिटरची. दोघांना तीन दिवस पुरते, सहा जणांत रोज रिकामी करावी लागली. सून म्हणाली, बाबा, हे माझ्याकडे द्या. नको म्हटलं तरी रोज सकाळी तीच घेऊन जायची. ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहे ती. मला आतून भरून यायचं, बोलता आलं नाही. इथे लिहितोय, ती वाचेल.

नातू ड्रायव्हरच्या वरच्या पलंगावर झोपायचा. एका रात्री खाली डोकावून विचारलं, ‘आजोबा, आपलं घर आत्ता कुठे आहे?’ मी गावाचं नाव सांगितलं. म्हणाला, ‘नाही, म्हणजे उद्या कुठे असेल?’ मी म्हटलं, उद्याही इथेच. ‘मग बरं,’ म्हणाला आणि झोपला. ते गेल्यावर दोन दिवस त्या पलंगाची शिडी काढवेना.

*

आम्ही दोन हिवाळे केले आणि थांबलो. हेही या धाग्यावर असावं. गाडी विकत घेताना ‘हिवाळ्यात राहण्यायोग्य’ असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात सांडपाण्याची टाकी उघडी, पोटाखाली लटकलेली, तिला ना आवरण ना ऊब. दर थंडीत टाकीचं तोंड गोठायचं. विक्रेत्याने हात वर केले. माझा गुडघा, दर सकाळी गरम पाण्याची किटली घेऊन बर्फात वाकणं, जमेना. आता भाड्याची दोन खोल्यांची जागा आहे, गाडी एप्रिल ते ऑक्टोबर. मला वाईट वाटत नाही. हिला वाटतं, थोडं. घेणाऱ्यांनी टाकी गाडीच्या तळात बंदिस्त आहे ना, हे स्वतः वाकून बघावं. कागदावर विसंबू नये.

*

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी. उबदार भागात टाकी भरून थेट थंडीकडे निघू नका. त्या डिझेलमधलं मेण गारठ्यात साकळतं आणि फिल्टर तुंबतो. आमची गाडी घाटात बंद पडली होती. टाकी पाव असताना निघा आणि वाटेत हिवाळी डिझेल भरा. मुक्कामाला हँडब्रेक लावून ठेवू नका, ओले ब्रेक गोठून चिकटतात. गिअरमध्ये ठेवा, चाकांना पाचर लावा. टायरची हवाही बघा, दर साडेपाच-सहा अंशांमागे एक पीएसआय उतरते.

*

धागाकर्ती परत एकदा.

सगळे प्रतिसाद यांना मोठ्याने वाचून दाखवले. इन्सुलिनचं वाचून हे उठले आणि आमच्या औषधांचा डबा बाहेरच्या भिंतीवरून मधल्या कप्प्यात आणून ठेवला. अलार्मची मुदतही बघितली, अजून दोन वर्षं आहेत.

या वर्षी कॉल नऊला नाही, अकराला ठेवलाय. आठला उठून पाणी, गॅस, बॅटरी बघायची, काही बिघडलं असेल तर तीन तास हातात राहतात. पंप रात्री बंद, हीटर १२ अंशांवर चालू.

हातमोज्यांचं लिहिणाऱ्या ताई, त्या दिवशी अकराला तुम्ही मोकळ्या असाल तर आमच्या कॉलवर या. नात नऊ वर्षांची आहे, गाडी मागे कशी घ्यायची ते तिला बादल्यांसकट ऐकायचंय. लिंक व्यक्तिगत निरोपातून पाठवते.