इथेनॉल हिरवं, पण ऊस कोणाच्या पाण्यावर?

मांजराकाठ: पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं उद्दिष्ट २०३० वरून २०२५ वर आणलं आणि गाठलंही, म्हणून पाठ थोपटून घेणं चाललंय. तेलाची आयात वाचते, मान्य. पण पाण्याचं काय? नीती आयोगाच्याच २०२१ च्या अहवालात आहे, साखरेपासूनच्या लिटरभर इथेनॉलला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. लातूरला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडं, आणि त्याच खोऱ्यात कारखान्यांची रांग. कायदा नव्हता असं नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात स्पष्ट आहे: प्राधिकरण ठरवेल त्या भागात ठिबक किंवा तुषार असल्याशिवाय बारमाही पीक घेता येणार नाही. २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं. आमच्या पाटावर ऊस अजून मोकाट पाण्यावरच आहे. नियम पाळून घेणारं कोणी नसेल, तर ही हिरवी वाढ म्हणजे जुनाच ऊस, नवं लेबल.

आडसाली: दादा, ऊस सोडून काय लावू तेही लिहा की. सोयाबीन हमीभावाच्या खाली विकून झालंय. उसाला एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला किमान दर आहे, १४ दिवसांत पैसे द्यायचा कायदा आहे. साखर गोदामात पडून राहायची तेव्हा बिलं महिनोन्महिने लटकायची. इथेनॉलचे पैसे लवकर सुटतात म्हणून निदान पहिली उचल, म्हणजे बिलाचा पहिला हप्ता तरी वेळेवर येतो. आणि बी-हेवी मळीपासून, म्हणजे सगळी साखर काढून घ्यायच्या आधीच्या मळीपासून इथेनॉल केलं तर त्यासाठी वेगळा ऊस लावावा लागत नाही, साखर थोडी कमी निघते एवढंच. सगळं पाणी इथेनॉलच्या खात्यावर टाकू नका.

मांजराकाठ: डिस्टिलरीची क्षमता वाढली की तिला चालवायला ऊस लागतोच ना? तो कमी कसा होईल?

गाळप_हंगाम: नियम पाळून घेणारं कोणी नाही म्हणता, पण यंत्रणा म्हणजे नुसता पाटाचं पाणी सोडणारा पाटकरी नव्हे, दिल्लीही त्यातच आली. ७ डिसेंबर २०२३ ला ऐन गाळपात रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी, आठवडाभरात पुन्हा थोडी सूट. कर्ज काढून डिस्टिलरी उभारणाऱ्यानं कोणत्या आदेशावर हिशेब मांडायचा?

ओढ्याकाठी: कारखान्याच्या सांडपाण्यानं आमचा ओढा मे महिन्यात काळ्या चहासारखा असतो. तक्रार केली. नमुना घ्यायला माणूस आला तोवर वरून पाणी सोडून निवळलेला.

वाघाडकर: सगळं सरकारवर कशाला? नाशिककडच्या दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याचं शेपटाकडच्या गावांपर्यंत पाणी पोचत नव्हतं. ओझरच्या बापू उपाध्यांच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९० च्या सुमारास तिथं पाणी वापर संस्था उभ्या केल्या, पुढं अख्ख्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडं आला. पाणी मोजून मिळतं. आपल्या वाट्याला किती येणार हे आधी कळलं की माणूस आपोआप ठिबककडं, द्राक्षाकडं, भाजीपाल्याकडं वळतो. हिवरे बाजारला तर ग्रामसभेनंच शेतीसाठी बोअर आणि ऊस बंद केला.

आडसाली: द्राक्षाला तुमच्याकडं नाशिक आहे. माझ्याकडं कालव्याच्या पाण्याची पाळी कधी सुटेल याचाच पत्ता नाही. ठिबकला दिवसाआड थोडं पाणी लागतं, कालवा महिन्या-दीड महिन्यानं येतो. मधे साठवायला शेततळं पाहिजे, ते भरायला वीज पाहिजे, ती रात्री येते. अनुदानाच्या नळ्या घेऊन बांधावर वेटोळं करून ठेवणारे आमच्याकडं ढिगानं आहेत. सक्ती करायची तर आधी पाळीची तारीख द्या.

वाघाडकर: हे खरं दुखणं. मग तेच मागा ना, आवर्तनाच्या, म्हणजे पाळ्यांच्या तारखा लेखी द्या म्हणून. कालवा सल्लागार समितीत ठरतात त्या.

आडसाली: समितीत बसतं कोण? आमदार आणि कारखान्याचा अध्यक्ष. आमच्याकडं तर दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस.

मांजराकाठ: मग भाऊ, आपण भांडतोय कशासाठी?

आडसाली: तुम्ही ऊस बंद करा म्हणता, मी पाणी मोजा म्हणतो. फरक आहे त्यात.