मदत हवी आहे: बोक्याला एफआयपी, म्हणजे मांजरांचा कोरोना झालाय. बाकीची मांजरं, कुत्रा आणि बाबा, कोणाला जपू?

नमस्कार. जरा लांबलं आहे, पण कृपया पूर्ण वाचा. चार दिवस घरात कोणी नीट झोपलेलं नाही.

आमचा चिकू अकरा महिन्यांचा बोका. पंधरा दिवस ताप येत-जात होता, अँटिबायोटिकने उतरेना. अंगाने वाळत चालला आणि पोट मात्र वाढत गेलं. आम्हाला वाटलं जंत असतील. शुक्रवारी डॉक्टरांनी पोटात सुई घालून पाणी काढलं. पिवळंधमक, मधासारखं. ग्लोव्ह घातलेल्या दोन बोटांत त्यांनी थेंब धरला आणि बोटं उघडली, तर एकतारी पाकाची निघते तशी तार निघाली. तेव्हाच ते म्हणाले, "एफआयपी वाटतंय." काल पाण्याचा पीसीआर रिपोर्ट आला: फेलाइन कोरोनाव्हायरस पॉझिटिव्ह.

कोरोना हा शब्द आमच्याकडे नुसता उच्चारला तरी पोटात गोळा येतो. एप्रिल २०२१ मध्ये बाबांच्या रेमडेसिविरसाठी भाऊ दोन दिवस डोंबिवली ते ठाणे वणवण फिरला होता. बाबा वाचले, पण फुप्फुसं अधू झाली. अजून एक मजला चढले की थांबावं लागतं. चिकू रोज त्यांच्याच पायाशी झोपतो. त्यात आईने मोत्याचं लसीचं कार्ड बाहेर काढलं, तर कुत्र्याच्या लसीच्या स्टिकरवरही 'कोरोना'! आता तिचं एकच म्हणणं, सगळी जनावरं कुठेतरी देऊन टाका.

मला समजलंय ते असं: मांजरांचा हा विषाणू बहुतेक वेळा आतड्यात गुपचूप राहतो, शीवाटे पसरतो आणि फार तर जुलाब करतो. एखाद्याच मांजराच्या शरीरात तो बदलतो, पांढऱ्या पेशींत शिरतो आणि मग एफआयपी होतो. इथवर ठीक. पण २०२३ मध्ये सायप्रसमध्ये मांजरं झपाट्याने दगावली, आणि त्या विषाणूचे काटे (ज्यांनी तो पेशीला चिकटतो) कुत्र्याच्या कोरोनाव्हायरसकडून आलेले निघाले. हे वाचल्यापासून मी अडकले आहे. कारण मोत्या लिटर बॉक्समधली शी खातो. पिल्लू असल्यापासूनची खोड, काही केल्या सुटत नाही. मांजराचा विषाणू रोज त्याच्या पोटात जातोय, तर आमच्या घरातही तसंच काही जुळून येईल का? चिकूच्या दोन बहिणींना आजपासून वेगळं ठेवू का? आणि बाबांना धोका आहे का? इथल्या कोणी यातून गेलं असेल किंवा या क्षेत्रात असेल, तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी पशुवैद्य आहे, एफआयपीच्या केसेस नेहमी बघते. आधी औषध. ते सुरू नसेल तर आजच तुमच्या डॉक्टरांशी बोला, ओल्या, म्हणजे पोटात पाणी होणाऱ्या एफआयपीत एकेक दिवस मोलाचा. जीएस-४४१५२४ हे औषध साधारण ८४ दिवस देतात आणि वजन वाढेल तसा डोस वाढवावा लागतो. तुमचा भाऊ ज्यासाठी फिरला ते रेमडेसिविर शरीरात गेल्यावर ज्यात बदलतं, तेच हे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही या आजारात हात टेकायचो. आता बरीच मांजरं बरी होऊन घरी नांदतात.

बाबांबद्दल. चिकूचा विषाणू कोरोनाव्हायरसच्या अल्फा गटातला, कोविडचा बीटा गटातला. आडनाव एक, घरं वेगळी. चिकूच्या विषाणूमुळे माणूस आजारी पडल्याचं आढळलेलं नाही. उलटी वाट मात्र खरी आहे. कोविडचा विषाणू पेशीवरच्या एसीई-२ या प्रथिनाला चिकटतो, आणि मांजराचं ते प्रथिन आपल्यासारखंच आहे. म्हणून २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघांना आणि २०२१ मध्ये हैदराबादच्या आठ सिंहांना कोविड झाला. परतीचा प्रवासही घडलाय: डेन्मार्क आणि नेदरलँड्समध्ये फरसाठी पाळलेल्या मिंक या प्राण्यांपासून माणसांना, आणि २०२१ मध्ये थायलंडमध्ये कोविडची लागण झालेल्या एका मांजराचा स्वॅब घेताना ते तोंडावर शिंकलं, त्या पशुवैद्य बाईंना. तेव्हा घरात कोणाला कोविड झाला, तर त्याने मांजरांपासून लांब राहावं.

आता मोत्या. दोन विषाणूंच्या भागांची अदलाबदल व्हायला दोघं एकाच वेळी एकाच पेशीत असावे लागतात. नुसती शी खाऊन तेवढं जुळून येणं फार दुर्मीळ. पण अशक्य म्हणणार नाही. मलेशियातल्या सारावाकमध्ये न्यूमोनियाच्या ३०१ रुग्णांच्या जुन्या नमुन्यांपैकी आठांमध्ये कुत्र्याच्या कोरोनाव्हायरसशी नातं असलेला विषाणू सापडला, बहुतेक लहान मुलं. तो माणसातून माणसात पसरतो असं दिसलेलं नाही, पण या वाटा असतात हे धरून वागायचं. लसीच्या कार्डावरचा 'कोरोना' हा कुत्र्यांच्या आतड्याचा जुना आजार आहे, कोविडच्या कितीतरी आधीपासूनचा. आईंना हे नक्की सांगा.

बहिणींना वेगळं करू नका. एकाच बॉक्समध्ये जातात म्हणजे मूळचा विषाणू त्यांच्यात आधीच येऊन गेला असणार, आणि चिकूच्या शरीरात बदललेला प्रकार सहसा बाहेर पडत नाही. ताटातुटीचा ताणच त्यांना बाधेल. बॉक्स वाढवा, तीन मांजरांना चार. सुकलेल्या शीच्या कणांत हा विषाणू काही आठवडे टिकतो, म्हणून रोज दोनदा साफ करा आणि बॉक्स ब्लीचने धुवा. लागोपाठ दुसऱ्या मांजराला ताप आला किंवा पोट फुगलं, तर मात्र थांबू नका, लगेच कळवा. सायप्रसचं वेगळेपण तेच होतं, एकामागून एक.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप खूप आभार. तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. लसीच्या कार्डाचं ऐकल्यावर ती शांत झाली. जनावरं कुठेही जाणार नाहीत. बॉक्स आता मागच्या बाल्कनीत आहेत, दार साखळीने चार बोटं उघडं, मांजरं जातात, मोत्या अडतो. चिकूला काल रात्री पहिला डोस दिला. आज ताप १०३ वरून १०२ वर आलाय आणि चमचाभर उकडलेलं चिकन स्वतःहून खाल्लं. एकच विचारायचं राहिलं: पोटातलं पाणी पुन्हा काढावं लागतं, की औषधाने आपोआप जिरतं?

प्रतिसाद

जिरतं. श्वासाला त्रास होत नसेल तर काढू नका. आठवडा-दोन आठवड्यांत पोट उतरलेलं दिसेल. रोज एकाच वेळी वजन लिहून ठेवा.